गेमने मशीन ताब्यात घ्यावं, की ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळवून घ्यावं?

दुधनाकाठ, सेलू

माझं मत आधीच मांडते. गेम चालू असताना फुल स्क्रीन घेऊ दे, आवाज घेऊ दे, ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद घेऊ दे, माझी हरकत नाही. पण मी "बाजूला हो" म्हटलं की त्याने त्याच क्षणी बाजूला व्हायला हवं, आणि जाताना मशीन जसं होतं तसं परत करायला हवं. मशीन त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचं आहे.

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. धड चालणारं मशीन एकच. गिऱ्हाईक ओसरलं की भाचा त्यावर गेम खेळतो, आणि खेळावं त्याने. बारावीचं वर्ष आहे म्हणून लेकराचं खेळणं बंद करणाऱ्यांतली मी नाही. अडचण येते ती पीक विम्याच्या मुदतीच्या दिवसांत. साइटवर इतकी गर्दी असते की सबमिट दाबल्यावर गोल चक्र फिरतच राहतं. तेवढ्या वेळात तो खेळतो, मागे ब्राउझर चालू असतो. मग शेतकऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो टाकायला मोजकीच मिनिटं. समोर आजोबा मोबाईल लांब धरून एकेक आकडा वाचतायत आणि मी खिडकी बदलायला ऑल्ट-टॅब दाबतेय. स्क्रीन काळी. परत दाबते. गेमचा आवाज येतोय, चित्र नाही. शेवटी डेस्कटॉप आला तर सगळे आयकॉन डाव्या कोपऱ्यात गोळा झालेले, ब्राउझर चेंगरून बसलेला, आणि कॅप्चा टाइप करायला जावं तर इंग्रजी अक्षरांऐवजी नुसते काना-मात्रा उमटतायत. तोवर ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पहिल्यापासून.

भाचा म्हणतो, "आत्या, गेम असेच असतात." मला हे पटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम एका वेळी पन्नास कामं सांभाळते, तर गेमलाच एवढी सूट का? जाणकारांनी सांगावं: हे तंत्रामुळे अटळ आहे, की गेम लिहिणारे टाळाटाळ करतात?

---

नांदेडी_स्नायपर

ताई, त्रास खरा आहे, पण खेळणाऱ्याची बाजूही ऐकून घ्या. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला (एका चित्राला) १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झला ७ सुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात माउस वाचायचा, समोरचा कुठे आहे ते मोजायचं, गोळी लागली का बघायचं आणि चित्र काढायचं. नेमकं त्याच वेळी मागे अपडेट उतरायला लागलं किंवा अँटिव्हायरसने स्कॅन काढला की दोन-चार फ्रेम गेल्याच. आमच्याकडे कॅफेतल्या स्पर्धांमध्ये एवढ्यावर राउंड जातो. शिफ्ट पाचदा दाबली गेली की स्टिकी कीजची खिडकी मधेच उगवते, तो त्रास वेगळाच.

म्हणून मी उलट म्हणेन. गेम चालू आहे तोवर ऑपरेटिंग सिस्टिमने गेमशी जुळवून घ्यावं.

---

बालाघाट, अंबाजोगाई

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. जरा सविस्तर लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही इंजिनिअरिंगला डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर शिकलो. डॉसला मल्टिटास्किंग, म्हणजे एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणं, नव्हतंच, त्यामुळे गेम लिहिणारा सरळ हार्डवेअरला हात घालायचा. ३२० बाय २०० चा, २५६ रंगांचा मोड लावायचा आणि पिक्सेल थेट व्हिडिओ मेमरीत लिहायचे. कीबोर्डचा इंटरप्ट, म्हणजे कळ दाबल्याचा इशारा, स्वतःकडे वळवून घ्यायचा, कारण एका वेळी दाबून धरलेल्या तीन-चार कळा ओळखायच्या तर डॉसकडून येणारी माहिती पुरायची नाही. तिसरी गोष्ट टायमर. पीसीचा टायमर मुळात सेकंदाला १८.२ टिक देतो. गेमला हे फार संथ, म्हणून तो वेग वाढवून घ्यायचा. आता डॉसचं घड्याळ याच टिकवर चालतं. ज्या गेमने घड्याळ चालवणाऱ्या मूळ रूटीनला १८.२ च्याच हिशेबाने हाक मारत राहण्याची काळजी घेतली, त्याच्यातून बाहेर आलं की वेळ बरोबर असायची. ज्याने घेतली नाही, त्याच्यानंतर घड्याळ चुकलेलं, आणि पुढे सेव्ह केलेल्या प्रत्येक फाइलीवर चुकीची वेळ. लॅबच्या मशीनवर कोणीतरी गेम खेळून गेलंय हे सरांना यावरूनच कळायचं.

म्हणजे "जसं होतं तसं परत करा" हा प्रश्न एकच प्रोग्रॅम चालणाऱ्या सिस्टिमवरही होता.

या वादाचं खरं घर म्हणजे अमिगा. १९८५ साली आलेला घरगुती संगणक, ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ६८००० प्रोसेसर, आणि त्यावर प्री-एम्प्टिव्ह मल्टिटास्किंग, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ द्यायचा हे सिस्टिमच ठरवणार. सर्वसामान्य वापराच्या विंडोजला हे मिळायला १९९५ उजाडलं आणि मॅकला २००१, मॅक ओएस टेन आल्यावर. इतकी चांगली सिस्टिम असूनही अमिगाचे कितीतरी गाजलेले गेम तिला बाजूला सारायचे. फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं, फ्लॉपीवरच्या बूट ब्लॉकमधला कोड सगळा ताबा घ्यायचा, डिस्क वाचायचं रूटीनसुद्धा स्वतःचं. खेळणं संपलं की मशीन रीसेट. यामागची कारणं खरी होती. ५१२ किलोबाइट मेमरीत सिस्टिमला वाटा दिला तर चित्रं आणि आवाज ठेवायचे कुठे? ब्लिटर आणि कॉपर हे चित्राचं काम करणारे भाग थेट हाताळले की स्क्रोलिंग लोण्यासारखं व्हायचं. शिवाय फ्लॉपीची नक्कल होऊ नये म्हणून तिचं फॉरमॅटही मुद्दाम वेगळं ठेवायचे, ते सिस्टिमला वाचताच यायचं नाही.

पण त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागला. १९९२ मध्ये नवा चिपसेट आणि जास्त वेगाचा प्रोसेसर असलेली अमिगा १२०० आली, तेव्हा असे बरेच गेम तिच्यावर चालेनात. कोणी प्रोसेसरचा वेग गृहीत धरलेला, कोणी मेमरीचे पत्ते, कोणी चिपसेटच्या रजिस्टरांची स्थिती. हार्ड डिस्कवर टाकायची सोय नाही ती नाहीच. मग असे गेम हार्ड डिस्कवरून चालवणारं डब्ल्यूएचडीलोड आलं. त्यासाठी जाणकारांनी एकेक गेम उघडून त्याचं डिस्क वाचणं दुरुस्त केलं आणि एक कळ दाबून डेस्कटॉपवर परत यायची वाट करून दिली. परक्या माणसांनी फुकट, वर्षानुवर्षं केलेलं हे काम आहे, आणि ते झालं नसतं तर त्यातले अनेक गेम सडत चाललेल्या फ्लॉप्यांवरच राहिले असते. जे गेम पहिल्यापासून सिस्टिमशी नीट वागत होते त्यांच्या मागे एवढं लागावं लागलं नाही.

माझं मत: ५१२ किलोबाइटमध्ये ताबा घेणं मी समजू शकतो. १६ जीबी रॅम असताना नाही.

---

मोसंबीबाग, जालना

वाचतेय. बालाघाट सर, फार छान माहिती. दुधनाकाठ, तुमच्या काना-मात्रांचं कारण मला बहुतेक माहितीये, रात्री लिहिते.

---

शेवटची_चारी, पाथरी

प्री-एम्प्टिव्ह म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीवर प्रत्येकाची पाळी असते. विंडोज ३.१ मध्ये पाणी वाटणारा पाटकरीच नव्हता असं समजा. ज्याचं रान भिजलं त्यानं आपल्या हातानं दार बंद करायचं आणि पुढच्याला पाणी सोडायचं. सगळे शहाण्यासारखे वागले तर काम होतं. एकानं दार उघडं ठेवून झोप काढली की टेलचं, शेवटच्या टोकाचं, रान कोरडं. त्या विंडोजमध्ये एक प्रोग्रॅम अडकला की सगळा पडदा गोठायचा तो यामुळंच. विंडोज ९५ मध्ये ३२ बिट प्रोग्रॅमांसाठी पाटकरी आला. वेळ संपली की तोच दार पाडतो, तुम्ही हो म्हणा की नाही.

आता गेमचं बघा. प्रोसेसरची पाळी पाटकऱ्याच्या हातात गेली, पण पडदा, कीबोर्ड, आवाज यांची दारं कैक वर्षं गेमच्याच हातात राहिली. ताईंचं मशीन गोठलं नव्हतं. ब्राउझर मागं चालूच होता, फॉर्मही चालू होता. गेम पडदा सोडत नव्हता एवढंच. मल्टिटास्किंग आहे तर अडतं कामून, याचं उत्तर तिथं आहे.

स्नायपर भाऊ, तुमचा राउंड महत्त्वाचा आहेच. पण ताईंचा फॉर्म टेलला आहे.

---

चिकलठाणा, संभाजीनगर

गेम बनवणं हाच माझा व्यवसाय. आधी पीसीचे केले, आता मोबाईलचे. काळ्या पडद्यामागचं कारण सांगतो.

सप्टेंबर १९९५ मध्ये डायरेक्टएक्स, म्हणजे विंडोजवर गेम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, आलं. डॉसवर रमलेल्या गेमवाल्यांना विंडोजवर आणायचं तर त्यांना हार्डवेअरच्या जवळ जाऊ देणं भाग होतं. म्हणून एक्सक्लुसिव्ह मोड दिला. पडदा माझा, रिझोल्युशन मी ठरवणार, असं गेम सिस्टिमला सांगू शकतो. डायरेक्टएक्स ९ पर्यंत याला एक कटकटीची बाजू होती. एक्सक्लुसिव्ह गेममधून ऑल्ट-टॅब केलं की ग्राफिक्स डिव्हाइस गेमच्या हातून जातं, त्याला आम्ही डिव्हाइस लॉस्ट म्हणतो. व्हिडिओ मेमरीत ठेवलेल्या बऱ्याच गोष्टी त्याबरोबर जातात. परत आल्यावर गेमने डिव्हाइस रीसेट करायचं, आणि त्याआधी त्या मेमरीतलं जे जे आपल्या नावावर आहे ते सगळं सोडून द्यायचं. एक टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) सोडायचं राहिलं तरी रीसेट फेल. मग पडदा काळा आणि आवाज मात्र चालू, कारण आवाजाचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे गेमच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागात, चाललेलं असतं. दुधनाकाठ ताईंनी वर्णन केलंय ते अगदी हेच.

हे नीट लिहिता येत होतं, फक्त कंटाळवाणं होतं. मी टेस्टिंगला बसायचो तेव्हा लेव्हल लोड होत असताना, व्हिडिओ चालू असताना, सेव्ह होत असताना मुद्दाम ऑल्ट-टॅब दाबायचो. निम्मे बग तिथेच सापडायचे. पण रिलीजची तारीख जवळ आली की असे बग यादीत सगळ्यात खाली ढकलले जातात, कारण "खेळताना कोण बाहेर जातं?" असं सगळ्यांना वाटतं.

विंडोज व्हिस्टापासून ड्रायव्हरची रचना बदलली आणि व्हिडिओ मेमरीचं वाटप सिस्टिम स्वतः बघायला लागली. डायरेक्टएक्स १० पासून नुसत्या ऑल्ट-टॅबने डिव्हाइस जाणं थांबलं. विंडोज १० मध्ये तर बॉर्डरलेस, म्हणजे पडदाभर पण बिनकडेच्या, खिडकीत चालणारा गेमही, फ्लिप मॉडेल ही चित्र पडद्यावर पोचवायची पद्धत नीट वापरली असेल तर, एक्सक्लुसिव्हच्या जवळपास तेवढ्याच झटपट चालतो. म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. व्हिस्टाच्या आधी बरंचसं तंत्रामुळे. आज ज्या नव्या गेममध्ये असं होतं तिथे टाळाटाळ.

मोबाईलवर हा वादच उरलेला नाही. फोन वाजला की अँड्रॉइड गेमला ऑनपॉज (थांब) कळवतं, मागोमाग ऑनस्टॉप (तू आता पडद्याआड). तेवढ्यात तुम्ही खेळाची स्थिती जपून ठेवली नाही आणि पुढे मेमरी कमी पडली तर सिस्टिम गेमची प्रोसेस मारून टाकते, विचारत नाही. ऑडिओ फोकस, म्हणजे आवाजाचा हक्क, गेला की आवाज थांबवायचा. फोन उचलताना पडदा काळा झाला तर लोक तासाभरात एक स्टार देऊन गेम काढून टाकतील हे प्रत्येक गेमवाल्याला माहीत आहे, म्हणून तो निमूट सगळं पाळतो. पीसीवर ही शिस्त कोणी कधी लावलीच नाही.

---

नांदेडी_स्नायपर

बॉर्डरलेसचं मान्य, चिकलठाणा दादा. पण प्रोसेसरचं काय? "मी जरा झोपतो, वेळ झाली की उठव" असं म्हणून गेम सिस्टिमवर विसंबला तर विंडोज त्याला वेळेवर उठवेल याची खात्री नाही. तिचा टायमर मुळात १५.६ मिलिसेकंदांनी चालतो. एक मिलिसेकंद झोप मागितली आणि पंधरा मिळाली, तर १६.६७ मधलं उरलं काय? म्हणून गेम झोपत नाहीत, प्रोसेसरचा एक कोर सतत फिरवत ठेवतात. तुम्ही याला आडमुठेपणा म्हणाल. मी गरज म्हणतो.

---

लातूरचा_पेंग्विन

स्नायपर, आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. टायमर १ मिलिसेकंदावर आणायची विनंती विंडोजकडे करता येते आणि गेम ती करतातही. पूर्वी एकाने ती केली की सगळ्या मशीनवर परिणाम व्हायचा आणि लॅपटॉपची बॅटरी विनाकारण खर्ची पडायची. मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत हे बदललं, आता ज्याने मागितलं त्याच्यापुरतं ते राहतं. त्याआधीच्या १८०३ आवृत्तीपासून हाय रिझोल्युशनचा वेगळा टायमरही आहे. फ्रेममधला बराचसा मोकळा वेळ झोपून काढायचा आणि शेवटचा थोडासा जागून, हा मार्ग उघडा आहे.

आणि जागं राहून फिरत बसणं गेमलाच महागात पडू शकतं. जानेवारी २०२० मध्ये यावर मोठी चर्चा झाली होती. स्टेडिया या गूगलच्या गेम सेवेसाठी गेम लिनक्सवर आणताना एका प्रोग्रॅमरला दिसलं की स्पिनलॉक (लॉक सुटेपर्यंत झोप न घेता फिरत राहणं) वापरले की मधेच लांब खोळंबा होतो, आणि त्याने लिनक्सच्या शेड्युलरकडे, म्हणजे प्रोसेसरच्या पाळ्या वाटणाऱ्या भागाकडे, बोट दाखवलं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने उत्तर दिलं की दोष शेड्युलरचा नाही, युजर स्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅममध्ये, स्पिनलॉक वापरण्याचा आहे. त्याचा मुद्दा असा. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी चावी) ज्या थ्रेडच्या हातात आहे त्याला सिस्टिमने मधेच उतरवलं, आणि बाकीचे थ्रेड त्या लॉकची वाट बघत गरगर फिरतायत. सिस्टिमला दिसतं की हे सगळे कामात आहेत. त्यांना उतरवून लॉकवाल्याला वर घ्यावं हे तिला कळणार कसं? तेच म्यूटेक्स, म्हणजे सिस्टिमला सांगून थांबायचं लॉक, वापरलं तर थांबलेले थ्रेड झोपतात, त्यांचा कोर मोकळा होतो आणि लॉकवाल्याला काम पुरं करता येतं. आपण कशासाठी थांबलोय हे सिस्टिमला सांगितलं तर गेमचीच फ्रेम वाचते.

जुन्या लिनक्सवरही मी ताईंसारखंच भोगलंय. एसडीएल १.२ या गेम लायब्ररीच्या काळातले कितीतरी गेम रिझोल्युशन बदलून, माउस-कीबोर्ड धरून बसायचे. मधेच कोसळले की डेस्कटॉप तसाच ६४० बाय ४८० मध्ये. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेने हा रस्ता बंद केला. साध्या गेमला आता पडद्याचा मोड परस्पर बदलता येत नाही, माउस बांधून ठेवायचा तर कंपोझिटरकडे (सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे) मागावं लागतं, आणि तो ते कधीही काढून घेऊ शकतो.

---

बालाघाट, अंबाजोगाई

पेंग्विनशी सहमत. पण स्नायपरच्या पहिल्या मुद्द्यातही तथ्य आहे, तो सोडून देऊ नये. सिस्टिमनेही गेमची वेळ जपायला हवी. कन्सोलवाल्यांनी यावर सरळ वाटणी केली. प्लेस्टेशन ३ मध्ये एक एसपीई (प्रोसेसरमधला मदतनीस कोर) सिस्टिमसाठी राखून गेमला सहा दिले होते. एक्सबॉक्स वनमध्ये आठ कोरपैकी दोन सुरुवातीला सिस्टिमकडे होते. गेमला माहीत असतं की एवढं आपलं, त्यात कोणी येणार नाही; आणि होमचं बटण दाबलं की मेनू लगेच येतो, कारण त्याचा वाटा वेगळा. पीसीवर विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटमध्ये गेम मोड आला. तो चालू असताना विंडोज अपडेट मधेच ड्रायव्हर बसवत नाही आणि रीस्टार्टची सूचना दाखवत नाही. उशिरा सुचलं, पण दिशा योग्य आहे.

---

मोसंबीबाग, जालना

मी डीटीपी करते, दिवसभर इंग्रजी-मराठी अदलाबदल चालू असते, म्हणून हे ओळखीचं आहे.

विंडोजमध्ये डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की टायपिंगची भाषा बदलते. गेममध्ये शिफ्ट म्हणजे बऱ्याचदा पळणे, आणि ऑल्टला काहीतरी दुसरं काम दिलेलं असतं. भाचा पळता पळता दोन्ही दाबतो आणि मागे भाषा मराठी होऊन बसते. विंडोज ८ पासून भाषा सगळ्या खिडक्यांना मिळून एकच असते, त्यामुळे गेममध्ये झालेला बदल ब्राउझरमध्येही येतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर ै, ो, े आणि हलन्त आहे. कॅप्चात नुसते काना-मात्रा आले ते त्यामुळे.

यातही गेम-गेममध्ये फरक असतो. जो गेम कळ कोणती दाबली हे वाचतो त्याला भाषेशी देणंघेणं नसतं. जो अक्षर कोणतं उमटलं हे वाचतो, त्यात मराठी चालू झाली की माणूस जागचा हलेनासा होतो. इंग्रजीखेरीज दुसरा कीबोर्ड लावून ज्यांनी गेम कधी चालवूनच पाहिला नाही, त्यांच्या हातून हे सुटतं. मराठी, हिंदी, तेलुगू लिहिणाऱ्या सगळ्यांना हा त्रास आहे, आणि आपणच सांगितल्याशिवाय तो दुरुस्त होणार नाही.

उपाय सोपा आहे. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, डिव्हायसेस, टायपिंग, मग ऍडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. त्याच पानावर इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे, तिथून ऑल्ट-शिफ्ट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस या कळा राहतातच.

---

दुधनाकाठ, सेलू

मोसंबीबाग, मनापासून आभार. लगेच करते.

कोर सतत फिरवत ठेवण्यावर मलाही बोलायचंय. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. लाइन गेली की दुकान इन्व्हर्टरवर. भाचा गेम पॉज करून जेवायला जातो आणि कॅबिनेटचा पंखा तसाच घोंघावतो. टास्क मॅनेजर उघडला तर पडद्यावर नुसता मेनू, हलतंय काहीच नाही, आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास पूर्ण वापरात. ज्या बॅटरीवर प्रिंटर चालवून समोरच्या माणसाला पावती द्यायचीय, ती एक न हलणारा मेनू पुन्हा पुन्हा रंगवण्यात जातेय. पॉजचा अर्थ गेमच्या लेखी काय आहे?

---

चिकलठाणा, संभाजीनगर

ताई, हा आमच्या धंद्यातला जुना दोष आहे. मेनूत काढायला फार काही नसतं, म्हणून मर्यादा घातली नाही तर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटतं. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या मेनूत हेच झालं होतं, लोकांची कार्डं तापली. तो गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने तेव्हा सेटिंगच्या फाइलीत दोन ओळी घालायला सांगितल्या, खेळात ६० फ्रेम आणि मेनूत ३०. भाच्याच्या गेममध्ये व्ही-सिंक (पडद्याच्या वेगापेक्षा जास्त फ्रेम न काढणं) किंवा फ्रेम लिमिट असेल तर ते चालू करा. नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमधून मर्यादा घालता येते. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये खिडकी मागे असतानाची वेगळी मर्यादाही आहे.

आम्ही आता बनवतोय त्या गेममध्ये पॉज केल्यावर चित्र एकदाच काढतो आणि कळ दाबली जाईपर्यंत थांबतो. कार्ड गार पडतं.

---

लातूरचा_पेंग्विन

ज्या गेमचा पॉज असा नावापुरता आहे, त्याला बाहेरून थांबवता येतं. लिनक्सवर प्रोसेसला स्टॉप सिग्नल द्या, परत चालू करायला कंटिन्यू. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या यादीत गेमवर राइट क्लिक, सस्पेंड प्रोसेस. तिथूनच रिझ्यूम. आधी गेम मिनिमाइझ करा, नाहीतर पडदा अडवून गोठेल. ऑनलाइन गेम असेल तर कनेक्शन तुटेल, त्यामुळे एकट्याने खेळायच्या गेमलाच वापरा.

यातून गेम कसा लिहिलाय तेही कळतं. गेम दर फ्रेमला विचारतो, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला? मधे अर्धा तास थांबवला तर उत्तर येतं १८०० सेकंद. ज्याने या आकड्याला वरची मर्यादा घातलीय तो जणू काही झालंच नाही असा पुढे चालतो. ज्याने घातली नाही त्यात गाडी एका फ्रेममध्ये अर्ध्या तासाचं अंतर कापते आणि भिंतीपलीकडे, नकाशाच्या बाहेर पडते.

---

शेवटची_चारी, पाथरी

एक गोष्ट राहिली. पडदा, कीबोर्ड सुटले म्हणता, पण अँटिचीटचं, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमचं काय? व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमसोबत २०२० मध्ये व्हॅनगार्ड आलं, ते मशीन सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. गेम संध्याकाळी एक तास खेळायचा आणि त्याचा पहारेकरी सकाळपासून मशीनच्या मुळाशी. अमिगावाले निदान फ्लॉपी काढली की जायचे.

---

नांदेडी_स्नायपर

इथे मी मागे हटणार नाही. भिंतीपलीकडचं बघणारे चीटवाले स्वतः कर्नलमध्ये शिरतात. त्यांना वरून पकडता येत नाही. सहा महिने घासून शिकलेला खेळ एक पोरगा विकत घेतलेल्या चीटने नासवतो तेव्हा काय वाटतं ते खेळणाऱ्यालाच कळतं. आणि व्हॅनगार्ड ट्रेमधून बंद करता येतं, फक्त परत खेळायचं तर मशीन रीस्टार्ट करावं लागतं.

पण हेही सांगतो. माझं मशीन खेळायचंच आहे, त्यावर दुसरं काही नाही. ज्या मशीनवर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारे स्कॅन होतात त्यावर असलं काही मी टाकणार नाही. दुधनाकाठ ताई, भाच्याने मागितलं तरी दुकानाच्या मशीनवर नको.

---

लातूरचा_पेंग्विन

+१. चीट पकडण्याचं जास्तीत जास्त काम सर्व्हरवर व्हावं असं माझं मत आहे. भिंतीमागचा खेळाडू दिसणारच नसेल तर त्याची जागा गेमला पाठवायचीच कशाला? पण यावर वेगळा धागा काढू, इथे विषय भरकटेल.

---

दुधनाकाठ, सेलू

स्नायपर, लक्षात ठेवते. भाच्यालाही हा धागा वाचायला दिलाय.

मोसंबीबागने सांगितलेलं केलं, भाषा आता बदलत नाही. फ्रेम लिमिट ६० वर ठेवलं, पंख्याचा आवाज निम्म्यावर आला. उरला तो काळा पडदा. त्या गेमच्या सेटिंगमध्ये खिडकीत चालवायचा पर्यायच दिसत नाही, जुना आहे. मुदतीचे दिवस येण्याआधी हे मार्गी लागलं तर बरं.

---

चिकलठाणा, संभाजीनगर

जुना असला तरी मार्ग असतो. बऱ्याच जुन्या गेमना शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक स्पेस देऊन डॅश विंडो (-window) किंवा डॅश विंडोड (-windowed) लिहिलं की ते खिडकीत उघडतात. आधी ते करून बघा. नाही झालं तर गेमच्या फोल्डरमध्ये सेटिंगची आयएनआय (.ini) फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून फुलस्क्रीनपुढे १ असेल तर शून्य करा. मूळ फाइलीची कॉपी काढून ठेवा.

तेही नाही जमलं तर डीएक्सव्हीके आहे. ते डायरेक्टएक्स ९ चे आदेश वल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीत बदलतं, मग पडद्याचं सगळं काम नव्या पद्धतीने होतं. पण त्याला वल्कन चालणारं कार्ड लागतं. मशीनमधल्या कार्डाचं नाव, विंडोजची आवृत्ती आणि गेम कोणत्या सालचा आहे एवढं इथे टाका, पुढचं मी सांगतो.